पाच वाजताचा दिवा

६ ऑक्टोबर

आज पुन्हा! पाचला खाली स्वयंपाकघरातला दिवा लागला, जिन्यावर उजेड आला, आणि मला वाटलं – ही उठली. डोळे नीट उघडेपर्यंत तसंच वाटत राहतं. मग आठवतं. हिला जाऊन पाच महिने झाले आणि रोज सकाळी ही मला नव्याने जाते. पुरे झालं आता. दिवा बंद करणार.

दिवा लावते ती हिनेच लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम. हिची सहाची पाळी असायची, म्हणून पाचला दिवा लावायचा आणि सहाला आपोआप घालवायचा, एवढंच तिचं काम. कपाटावरच्या छोट्या कॉम्प्युटरवर चालते. दुपारी 'बंद' असा ऑप्शन देऊन चालवली. काही बोलली नाही. म्हणजे झालं असणार.

७ ऑक्टोबर

डोंबलाचं झालं! लागला.

कोड उघडून बसलो. न कळणारा ऑप्शन मिळाला तर स्क्रिप्टने तसं सांगावं आणि थांबावं – हे मी ऑफिसात नव्या लोकांना पहिल्याच दिवशी शिकवतो. हिची स्क्रिप्ट न कळलेलं सगळं मुकाट गिळते आणि आपलंच घोडं पुढे दामटते. माझ्याशी तरी कुठे वेगळी वागायची! शेवटी हेल्पचा ऑप्शन दिला. खरं तर त्यात सगळ्या ऑप्शनांची माहिती यायला हवी. आली एकच ओळ – 'अडलं तर मला विचार, मी खालीच आहे.'

स्क्रीन मिटली. बराच वेळ गॅलरीत उभा होतो. रडलो.

९ ऑक्टोबर

सातला आईंना उठवलं. हिच्या आई. खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून आमच्याकडेच आहेत. काखेत हात घालून उचलायचं, खुर्चीत बसवायचं. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणतात, पायात ताकद आहे, आजींच्या मनातच नाही. मनात कशी असेल? लेक गेली.

ही गेल्यावर मी अंथरूण सोडलं नव्हतं. आठवडाभर मेव्हण्याची बायको येऊन राहिली होती. ती गेली त्या सकाळी आई खालून म्हणाल्या, 'मला उठवता का हो?' तेव्हा उठलो.

आज मेव्हण्याचा फोन. त्याचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आई जिना चढण्याइतपत झाल्या की एक दिवसही ठेवणार नाही म्हणतो. 'तुझ्यावर किती दिवस भार टाकायचा?' भार! या घरात दुसरं आहे कोण?

दिव्याचं – योग्य ऑप्शन शोधून दिला होता, तरी लागला. कारण सापडलं. सगळ्या जगात आत्ता टाइप केलेलं आधी मानायचं, मग कॉन्फिग फाइलीत, म्हणजे कायमच्या सेटिंगच्या फाइलीत, लिहिलेलं, आणि दोन्ही नसेल तर डिफॉल्ट, कोडमध्येच मुळात ठरलेलं. हिच्याकडे उलटं! फाइलीतलं सगळ्यांत वरचढ. यावरून आमचं कडाक्याचं वाजलं होतं. म्हणाली होती, 'तू रोज काहीतरी टाइप करणार आणि घर तुझ्या लहरीवर चालणार? मी एकदा लिहून ठेवलंय, तेच.' मग दोन दिवस अबोला.

फाइलीतली ती ओळ काढून टाकली. फार वाईट वाटलं.

१० ऑक्टोबर

लागला. फाइलीत ओळ नाही, ऑप्शनही दिला नव्हता, तर डिफॉल्ट – पाच! धन्य आहे बाई.

१२ ऑक्टोबर

दिवसभर बसून स्क्रिप्ट नव्याने लिहिली. ऑप्शन, मग फाइल, मग डिफॉल्ट. चुकीचा ऑप्शन दिला तर सरळ सांगून थांबते. डिफॉल्ट – काहीही करायचं नाही. हेल्पची ओळ मात्र पुसवली नाही.

चार वेळा तपासलं. चोख! उद्या अंधार. हवा होता ना? मग जेवणाचं ताट तसंच का सोडलं?

१३ ऑक्टोबर

लागला.

स्क्रिप्टची नोंद पाहिली – 'काही केलं नाही.' आणि पूर्वी सहाला आपोआप जायचा. आज सातला खाली आलो तरी जळतच होता.

१४ ऑक्टोबर

कॉम्प्युटरची वायरच उपटली. कपाटात घातला. बघू.

१५ ऑक्टोबर

लागला.

भिंतीवरचं बटण दाबायला घरात आहे कोण? मी वर, आई पलंगावर. भांड्याचा आवाजही झाला. खरंच झाला! पांघरुणात पडून हळूच म्हणालो, 'आलीस?' खाली गेलो नाही. गेलो आणि कुणी नसलं तर?

भीती वाटली. आणि बरंही वाटलं. दोन्ही खरं.

आईंना सहज विचारलं, पहाटे काही ऐकू येतं का. म्हणाल्या, 'मला मेलीला गाढ झोप लागते.' आणि शालीचे गोंडे ओढत बसल्या.

१७ ऑक्टोबर

मेव्हण्याजवळ बोलून बसलो. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय! तो म्हणाला, 'तू डॉक्टरला दाखव. आणि आईची मी लवकर सोय करतो.'

डोकं फिरलंय का माझं? उद्या पाचला खाली जाणार. असेल तर असेल. नसेल तर तेही एकदा बघून टाकतो.

१८ ऑक्टोबर

होती. पाठमोरी, अंगात हिचा निळा स्वेटर, ओट्याला हात लावून हळूहळू चालत. मी म्हणालो, 'आलीस?'

वळल्या त्या आई.

म्हणाल्या, रोज पाचला उठून थोडं चालते, घोटभर चहा घेते. हल्ली दिवा आपोआप लागत नाही म्हणून बटण दाबते. जातो मात्र आपला आपण, अशी त्यांची समजूत.

'चालता येतं तुम्हाला? कधीपासून?'

'झाले बरेच दिवस.'

'मग मी रोज उचलतो ते?'

त्यांनी ओटा घट्ट धरला. 'मला उचलायचं नसतं तर तुम्ही उठला असतात का?'

वर आलो. सातला त्यांनी हाक मारली. गेलो, काखेत हात घातला आणि उचललं.