शटरचं तेल

३ ऑक्टोबर

शी! शी! शी! किती वेळा हात धुतले तरी बोटं चिकटच.

आज डॉक्टरांच्या जुन्या गाडीचं डॅशबोर्डवरचं घड्याळ खोललं. गाडी बाहेरून नुसती नटवी! दिवे चकचकीत, बंपर चकचकीत, सीटना नवं कातडं. आणि घड्याळाच्या पोटात गटार. मागचं झाकण उचललं तर तेलाच्या तारा ओढतच वर आलं. आत काळपट पिवळा लगदा. त्यात सिगारेटचा चिकटा, कुणाचा तरी केस, आणि एक झुरळाचा पाय. नुसता पाय! बाकीचं झुरळ कुठे गेलं, हे डोक्यातून जात नाही. चहा तसाच टाकला.

ज्या गाढवाने हे केलं त्याचे हात बांधून ठेवले पाहिजेत. तेल घातलेलं नाही — ओतलंय! आणि तेही दुकानाच्या शटरला घालतात तसलं. घड्याळाला तेल घालायचं सुईच्या टोकाने, फक्त चाकांच्या आसांना. दात्यांना नाही, आणि पॉइंटना तर मुळीच नाही. या घड्याळाला किल्ली नसते. आतली स्प्रिंग उतरली की दोन पॉइंट एकमेकांना टेकतात, बॅटरीचा झटका बसतो — खट्! — स्प्रिंग परत भरली. त्या पॉइंटवर तेल गेलं की ठिणगीने जळून त्याचं डांबर होतं. मग कसलं खट् नि कसलं काय!

शटरला घालायचं तेल घड्याळाला. आणि आमच्या शटरला मात्र कुणी घालत नाही, ते रोज सकाळी किंचाळतं.

बाबांच्या नाकाखाली झाकण धरलं. "बघा तरी वास!" त्यांनी ते हातात घेतलं, बराच वेळ नाकाशी धरून बसले. मग म्हणाले, "अशा माणसाला टेबलाशी बसू देऊ नये."

बाबाच असं बोलू शकतात! अर्धं आयुष्य घड्याळं दुरुस्त करत त्या टेबलाशी काढलंय त्यांनी. "तेल डोळ्याला दिसलं म्हणजे जास्त झालं" — मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ऐकतेय.

४ ऑक्टोबर

दादा आला होता. आल्या आल्या टेबलावरचा माझा बारीक चिमटा उचलला आणि दात कोरायला लागला! ज्याने मी केसाएवढी स्प्रिंग उचलते त्या चिमट्याने! वर म्हणतो, "अगं, धुऊन देतो ना." चिमटा उकळला. तरी हातात घेववत नाही.

आणि परत तेच टुमणं. बाबांना घरी बसव, त्यांच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं कपाट लावू. ती गुलाबी, कान असलेली रबरी कव्हरं! हात लावला तरी अंगावर काटा येतो. "बाबांना दिसत नाही गं आता. कुणाचं तरी घड्याळ बिघडवून ठेवतील, मग बसशील निस्तरत."

दिसत नाही म्हणे! भिंतीवरच्या कुठल्या घड्याळाची चाल अडखळतेय हे बाबा नुसतं ऐकून सांगतात. माझा आवाज चढला. म्हटलं, "बाबांनी बिघडवलेलं एक घड्याळ आणून दाखव. एक! मी स्वतः त्यांना हाताला धरून उठवीन त्या खुर्चीतून." दादा म्हणाला, "बघ हं, तूच बोललीस." बाबा खुर्चीतच डुलक्या घेत होते. बरं झालं, त्यांच्या कानावर गेलं नाही.

बाबा त्या खुर्चीतून उठले तर घरी काय करतील? कॉटवर बसून छताकडे बघत राहतील. मी नाही होऊ देणार.

५ ऑक्टोबर

दिवसभर एकेक चाक पेट्रोलमध्ये धुतलं. वाटीतलं पेट्रोल आधी पिवळं, मग तपकिरी, मग — नको ते आठवायला. डोकं भणाणलं. पॉइंट बारीक कागदाने घासले, डांबराचे पापुद्रे निघाले.

उरलेलं झुरळ सापडलं. तबकडीच्या मागे. जेवले नाही.

६ ऑक्टोबर

डॉक्टर आले, अत्तरात बुडून. रविवारी जुन्या गाड्यांची फेरी आहे, घड्याळ चालू हवं. "मॅडम, तेवढं बघा हं!" तोंड पुसलेला रुमाल माझ्या काउंटरवर पसरला आणि त्यावर कोपर टेकून गप्पा! मी म्हटलं, "आधी कुणाकडे दिलं होतंत हे?"

"मी नाही हो. गेल्या वर्षी गाडी घेतली तेव्हापासून बंदच आहे. आधीच्या मालकाने विकताना करून घेतलं होतं. इथेच बाजारात कुणाकडे तरी."

बाजारात! या बाजारात घड्याळाची दुकानं दोन. एक आमचं. दुसरं कोपऱ्यावर, बॅटरीवाल्याचं. तो सेल बदलतो, पट्टा लावतो, बाकी शून्य. आणि पाटीवर मात्र 'घड्याळांचे तज्ज्ञ'! सापडला चोर.

७ ऑक्टोबर

गेले. झाकण धुतलं नव्हतं, पुरावा म्हणून ठेवलं होतं. तेच घेऊन गेले.

बॅटरीवाला किल्लीने कान कोरत बसला होता. समोर दोन गिऱ्हाइकं, आणि हा कानात किल्ली फिरवतोय! मी झाकण काचेवर आपटलं. "ही तुमचीच कामगिरी ना? लाज नाही वाटत?"

त्याने किल्ली पँटला पुसली — शी! — आणि झाकण उलटसुलट करून बघितलं. मला वाटलं, आता भांडेल. मी तयारीतच होते. पण तो गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबला, मग हळू आवाजात म्हणाला, "ताई, हे माझ्याकडे आलं होतं खरं. पण मला असलं जमत नाही. मी तुमच्याकडेच पाठवलं."

"माझ्याकडे? मी कधी पाहिलंसुद्धा नाही!"

"गेल्या वर्षी तुमचं पोटाचं ऑपरेशन झालं ना, तेव्हा." मग म्हणाला, "जाऊ द्या. मी कुणाला काही बोललो नाही."

खोटारडा! आपली घाण आमच्या दारात आणून टाकायची आणि वर उपकाराची भाषा! ऑपरेशनच्या वेळी दुकानात एकटे बाबा होते. मग याला म्हणायचंय तरी काय? परत आल्यावर दोनदा हात धुतले. त्याच्या किल्लीची घाण.

८ ऑक्टोबर

खट्! चाललं! बॅटरीला तारा जोडल्या, पहिला झटका बसला आणि बॅलन्सचं चाक असं झुलायला लागलं की मी टेबलावर थाप मारली. बाबा डोळे मिटून ऐकत होते. "तेल घातलंस?"

"काच घेऊन येते, मग घालते."

काच कापून घ्यायला पलीकडच्या गल्लीत गेले. परत आले तर बाबा टेबलावर वाकलेले. डोळ्याला भिंग, पुढे डॉक्टरांचं घड्याळ उघडं. त्यांनी तेलाची बाटली उचलली आणि आधी नाकाशी धरली. असं ते कधी करत नाहीत. बाटली घड्याळाच्या तेलाचीच होती. सुई बुडवली. आसाला लावली. मान आणखी पुढे घातली. "लागलं का?" स्वतःशीच. परत बुडवली. "लागलं का?" परत. तेल चाकांवरून ओघळलं, पॉइंटवर आलं, टेबलावर त्याचा डाग पसरायला लागला. तरी "लागलं का?"

मी त्यांच्या पाठीमागे उभी. कापलेली काच हातात तशीच.

तेल दिसलं म्हणजे जास्त झालं. बाबांना ते दिसतच नाही. म्हणून त्यांच्या लेखी ते कधी जास्त होतच नाही.

चाहूल लागली तसे वळले. "घातलं बघ. तुझं राहिलं होतं ना." मी म्हटलं, "बरं झालं, बाबा."

मग खालच्या फळीवर हात घातला. शटरच्या तेलाची बाटली तिथेच होती. तसलीच बुटकी, तसलंच झाकण. निम्मी रिकामी. आणि आमचं शटर रोज किंचाळतं.

९ ऑक्टोबर

मागची पानं वाचली. 'गाढव.' 'हात बांधून ठेवले पाहिजेत.' अक्षर माझंच! त्या झुरळाची आली नव्हती एवढी किळस मला माझी आली. आणि तो बॅटरीवाला! कान कोरणारा, पँटला किल्ली पुसणारा. वर्षभर तोंड मिटून बसला होता, आणि मी त्याला चारचौघांत नको नको ते बोलून आले.

बाबा दुपारी आतल्या खोलीत आडवे झाले, तेव्हा घड्याळ परत खोललं. परत वाटी, परत ब्रश. आतून आवाज आला, "पेट्रोलचा वास कसला गं?"

"दुसरं घड्याळ आलंय, बाबा."

मी एकेका आसाला सुईने तेल लावलं आणि रडले. नाक पुसायला हातही मोकळा नव्हता.

दादाचा फोन आला, उचलला नाही. एक घड्याळ दाखव म्हटलं होतं. ते माझ्याच वाटीत पडलं होतं. सांगितलं तर बाबा त्या कॉटवर. नाही सांगितलं तर पुढच्या वेळी आणखी कुणाचं तरी घड्याळ.

१० ऑक्टोबर

डॉक्टर घड्याळ घेऊन गेले. खट् झाल्यावर टाळ्या वाजवल्या! रुमाल मात्र इथेच टाकून गेले. चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकला. दादाने दात कोरले त्याच चिमट्याने. आता तो चिमटाही त्याच्यामागून गेला.

दादाला अजून काही सांगितलेलं नाही.

११ ऑक्टोबर

बाबा आज माझ्याआधीच दुकानात. शटर अर्धवट वर होतं. मी पूर्ण वर लोटलं, तर किंचाळलं नाही. दोन्ही बाजूंच्या खाचांतून ताजं तेल ओघळत होतं.

बाबा काउंटरच्या बाहेर, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले होते. त्यांचं भिंग, सुई, चिमटा, सगळं पुसून माझ्या खणात ठेवलेलं.

"बाहेर कशाला बसलात? आत या ना, बाबा."

"इथूनही सगळी घड्याळं ऐकू येतात," म्हणाले. मग म्हणाले, "वास मी पहिल्याच दिवशी ओळखला होता, पोरी. गेल्या वर्षी नुसती बाटली चुकली होती की हातच गेलाय, एवढंच बघायचं होतं. परवा पेट्रोलचा वास आला, कळलं. हाताला धरून उठवायची पाळी तुझ्यावर कशाला आणू?"