तुफानचा मालक एकच

५ नोव्हेंबर २००६, रविवार
तुफान घरी आला. दिग्रसकडच्या तांड्यावरून आणला. जात कारवानी, नर, वय दोन वर्षे. बंजाऱ्यांच्या बैलतांड्यांसोबत देशभर फिरलेली ही जात. मूळची अरबी की इराणी, यावर पुस्तकांत एकमत नाही. माझं झालं आहे. इराणी.
निमुळतं तोंड, खोल छाती, कातडी पातळ, मागच्या फासळ्या दिसल्याच पाहिजेत. नजर तीक्ष्ण, असं पुस्तकांत आहे. नाक त्याहून तीक्ष्ण (हा माझा स्वतःचा शोध). मुख्य गुण म्हणजे मालक एकच मानतो, दुसऱ्याला अंगाला हात लावू देत नाही. गल्लीत सर्वांना तसं सांगून ठेवलं. समोरचा रजईवाला अब्दुल गनी ऐकून हसला. काहून हसला?

६ नोव्हेंबर
निश्चय: शिकारी कुत्र्याचे लाड नाहीत. उघड्या फरशीवर झोपेल. पोतंसुद्धा नाही. बायको रुखमा म्हणाली, "हाडाचं कुत्रं हाय, चरबी नाही अंगावर. फरशी टोचीन त्याले." तिला इराणची थंडी समजावून सांगितली. ती तुरीच्या शेंगा सोलत राहिली.

९ नोव्हेंबर
सकाळी हाक मारली. तुफाननं माझ्याकडे पाहिलं, विचार केला आणि बसला. हुशार जात आहे. विचार केल्याशिवाय येत नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार
मेहुणा इंद्रजित आला. शेत लोहाऱ्यापलीकडे. कपाशीचा पहिला वेचा मातीमोल गेला, आता दुसऱ्यावर भिस्त, तर रोज रानडुकरं येऊन झाडं लोळवतात. मी म्हटलं, तुफान एका फेरीत हाकलून देईल. इंद्रजित म्हणे, "थे ठीक हाय भाऊजी, पण हाक मारल्यावर वापस येते का? नाही त डुकरानं ठेवली थे कपाशी हाच तुडवीन."
मी शब्द दिला. २६ तारखेला, सगळ्या शेजाऱ्यांसमोर. माझ्या हाकेवर येईल, दुसऱ्या कोणाकडे ढुंकूनही पाहणार नाही. रुखमानं भावाकडे पाहिलं, भावानं रुखमाकडे. त्या घराण्याची ही जुनी सवय आहे.

१४ नोव्हेंबर
दुपारी तुफान बेपत्ता. चारला परतला. पाठीवर पांढरं, हलकं, चिकट काहीतरी. नमुना उदबत्तीच्या डबीत ठेवला. तोंडाचा वास घेतला. मटण नाही. म्हणजे फूस लावणारा पोचलेला आहे.

१६ नोव्हेंबर
तुफानची पुढची दोन्ही कोपरं सोललेली! मारहाणीशिवाय असं होत नाही. संशय: गनी. रुखमानं हळद लावली, तेव्हा तुफान मुकाट उभा राहिला. रुखमा माझ्याच घरातली असल्यामुळे ती 'दुसरी' धरता येत नाही.

१९ नोव्हेंबर, रविवार
मोटार रिवाइंडिंगचं दुकान बंद ठेवून पाण्याच्या टाकीमागे पाळत ठेवली. दीड वाजता तुफान उठला, गल्ली ओलांडली, सरळ गनीच्या दुकानात. मागोमाग शिरलो. यंदा कापसाचे भाव पडले म्हणून गनीकडे रुईचा ढीग छताला टेकलाय. त्यावर तुफान उताणा, चारही पाय वर.
गनीनं पिंजायचं थांबवलं. "धर्मपालभाऊ, मी नाही बोलवत जी. येते, झोपते, चार वाजता निंगून जाते. पिंजाईच्या आवाजानं बी उठत नाही."
आवाजानंही उठत नाही! गुंगीचं औषध. रुखमा मागे येऊन उभी होती. म्हणाली, "औषध कायचं? मऊ लागते त्याले. फरशीनं कोपरं गेली त्याची." रुखमाला वरवरचं तेवढं दिसतं.

२१ नोव्हेंबर
साखळीनं बांधला. रात्रभर रडला. गल्लीतल्या तीन घरांनी तक्रार केली. तिन्ही घरांत गनीच्या रजया आहेत.

२२ नोव्हेंबर
सोडला. विश्रांती हाही ट्रेनिंगचा भाग असतो.

२६ नोव्हेंबर, रविवार
लोहारा. बांधावर इंद्रजित, त्याचे शेजारी, बाया, पोरं. नाल्याच्या काठाला पाच-सहा डुकरं स्पष्ट दिसत होती. तरी मी शास्त्रानं गेलो. डुकरानं चावलेलं बोंड तुफानच्या नाकाशी धरलं. तो शिंकला.
मग त्याचे कान ताठ झाले, मान वर झाली. साखळी काढली. काय पळाला! जमिनीला पाय लागतात की नाही, कळेना. इंद्रजितच्या तोंडून "बाप्पा!" निघालं.
दिशा मात्र उलटी. नाला इकडे, तुफान डांबरी रस्त्याकडे. तिथे लांबवर एक ठिपका. ठिपका म्हणजे लुनावर रजया बांधून गावोगाव विकायला निघालेला गनी. घसा बसेपर्यंत हाका मारल्या. गनीनं ब्रेक दाबला, तुफान उडी मारून रजयांवर चढला आणि बसला. तेवढ्यात डुकरं कपाशीत शिरली.
एक म्हातारा म्हणाला, "चला, भेटला बाप्पा त्याचा मालक."
इंद्रजित टिनाचा डबा घेऊन वाजवत डुकरांमागे गेला. पुस्तकातलं नजरेचं प्रकरण खरं निघालं, एवढं नमूद करतो. वेग: उत्कृष्ट.

२८ नोव्हेंबर
गनी स्वतः तुफानला घेऊन आला. "ठेवून घ्या जी. रजईवर केस लागतात, गिऱ्हाईक बोंबलते." तासाभरात तुफान परत तिकडे. मुद्दाम हाकलल्यासारखं करून ओढून घ्यायचं, ही त्याची पद्धत आता माझ्या लक्षात आली आहे.
त्याच्याकडेच एक लहान गादी सांगितली. पाहुण्यांसाठी, म्हणालो. गनीनं मान हलवली, टेप काढला आणि झोपलेल्या तुफानचं माप घेतलं.

३ डिसेंबर, रविवार
गादी आली. पडवीत घातली. तुफाननं हुंगली, भोवती फेरी मारली आणि गल्ली ओलांडून गेला. गनीचा माल तपासून घेतलेला बरा, म्हणून टाके पाहायला जरा आडवा झालो. रुई एकसारखी भरली आहे. खोट काढायला जागा नाही, हेच संशयास्पद.
उठलो तेव्हा चार वाजले होते. समोर रुईच्या ढिगावर तुफान उठून अंग झाडत होता. रुखमानं चुलीजवळून भाकर खायला हाक मारली. नाव घेतलं नाही, त्यामुळे दोघंही निघालो.
तो आधी पोचला.