फोनचं कुलूप आणि माझा कान

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी अंघोळ करून कानाचं मशीन घातलं आणि दचकलोच. बायकोनं, रेणुकानं, पातेलं खाली ठेवलं, ते कानात फुटल्यासारखं झालं! तिचं बोलणं मात्र एक अक्षर कळेना. तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली, तिनंच कान खाल्ले. मशीनचा आवाज फोनमधल्या ॲपवरून लागतो – बोलणं वर, खडखडाट खाली, असं डॉक्टरांनी बेतून दिलं होतं. आज ॲप म्हणतं, तुमचा फोन जुना झाला, आता चालणार नाही.

फोन काल धडधाकट होता. रात्रीतून जुना कसा झाला?

५ नोव्हेंबर, बुधवार

वालूरहून सेलूला गेलो. स्टेशनजवळ संघप्रियाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. कानाशी ओरडून, अडलं तिथं लिहून सांगत होती. "काका, फोन मेला न्हाई, मारायलेत त्येला!" फोनच्या कंपनीनं आत घातलेली सिस्टीम काढून दुसरी, खुली सिस्टीम टाकली की ॲप चालेल, म्हणाली. बँकेचं ॲप कदाचित रुसेल. पण आधी फोनचं आतलं कुलूप उघडावं लागतं. आणि परदेशात नियम आलाय म्हणे – रेडिओ लहरी सोडणाऱ्या यंत्रात कोणी भलतं काही घालू नये. त्याच्या आडून कंपनी इथलंही कुलूप कायमचं बंद करायलीय. "नवं अपडेट येतंय. 'आत्ता' दाबलं की संपलं. रोज 'नंतर' दाबा."

विचार करतो म्हणालो. सिस्टीम फुकट, म्हणे. फुकट कोण देतं? त्यातून माझ्या घरात कोण डोकावेल? आणि कुलपाचं तरी खरं कशावरून?

रात्री रेणुकाला सगळं सांगितलं. तिनं नुसती मान हलवली.

७ नोव्हेंबर

परभणीला मशीन घेतलं त्या दुकानाला रेणुकाला फोन करायला लावला. "नवा फोन घ्या की!" एवढंच म्हणाले, असं तिनं पाटीवर लिहिलं. एवढंच? इतका वेळ तर बोलत होती!

९ नोव्हेंबर, रविवार

इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसलो. मधे पुजारी नाही, दार नाही. माझा देव माझ्या हातात. आणि फोन? तोही हातातच, पण आतला धनी दुसराच कोणी.

नियम वाईट म्हणवत नाही. माझ्या फोननं दुसऱ्याच्या लहरी बिघडू नयेत, कबूल. गिरणीच्या पट्ट्याला जाळी लागतेच. पण जाळी लाव म्हणणं वेगळं, आणि माझ्याच गिरणीला बाहेरून कुलूप घालणं वेगळं.

डोळे उघडले तर रेणुका माझ्या फोनवर बोट दाबत होती! मला बघून घाईनं ठेवला. काय केलंस, विचारलं. ओठ हलले. कळलं नाही.

१० नोव्हेंबर

आजही!

११ नोव्हेंबर

तानुबाई गिरणीवर दळण घेऊन आली, काहीतरी बोलली, बाकीच्या बाया हसल्या. मीही हसलो. कशावर, देव जाणे. माझ्यावरच असेल.

रेणुकानं 'आत्ता' दाबलं असणार. नवा फोन आणायचं तिनं ठरवलेलं दिसतंय. संघप्रियावर तिचा विश्वास नाही. माझा तरी कुठं आहे? पण मला विचारायचं तरी! पुन्हा विचारावं, तर पाटीवर तरी खरं लिहील कशावरून?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सेलू. फोन संघप्रियापुढं ठेवला. कुलूप कायमचं बंद झालं का बघ, म्हणालो.

बघितलं आणि हसत सुटली. मग कानाशी ओरडली, "अजून उघडतंय की! काकूंनी मला फोन करून तीनदा इचारलं – कंचं बटण, कंचं बटण. तुमी पूजेत असताना ते अपडेट येतंय म्हणं. तुमच्या हातून चुकून 'आत्ता' दाबलं जाईल म्हणून रोज त्याच 'नंतर' दाबायल्यात!"

घरी रेणुकानं भाकरी वाढली, मी खाली मान घालून खाल्ली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पुन्हा सेलू. कुलूप उघडलं. शेवटचं बटण संघप्रिया दाबणार होती. थांब म्हणालो, मी दाबतो. नवी सिस्टीम बसली, कानाचं ॲप लागलं. बँकेचं ॲप म्हणतं, हा फोन भरवशाचा नाही! असू दे. बँकेत चालत जाईन.

घरी आलो. रेणुका पाठमोरी, भाकरी थापत पुटपुटली, "झालं! आता सोताशी बोलायची बी चोरी."

लख्ख ऐकू आलं. ऐकलं नाही असं दाखवलं.