फक्त गळा पुरा करण्याबद्दल

डावा हात कोपरापर्यंत बाहीत अडकला आहे, तेव्हा ताई, नमस्कार एकाच हाताचा गोड मानून घे. (मोठ्या बहिणीला असा नमस्कार करू नये, हे मला कळतं. दुसरा हात आत जोडलेला आहे असं समज.) मनगटाचं प्लास्टर निघालं का? बोटं हलतात का? भावोजींचा खोकला कसा आहे? त्यांचा स्वेटर सुखरूप आहे. इतका सुखरूप की तो आता आमच्या घरातून हलवता येत नाही.

तू म्हणालीस, चार महिने विणलाय, फक्त गळा राहिलाय, शुक्रवारी बँकेत त्यांचा निरोप समारंभ आहे, आणि नाहीतरी तू विणकाम शिकतोच आहेस. मी हो म्हणालो. शिकतो ते मुक्त विणकाम, एवढंच सांगायचं राहिलं. त्यात नमुना नसतो, मोजणी नसते. सुई नेईल तिकडे जायचं, हाताला येईल ती लोकर जोडायची. शिकवणाऱ्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, इथे चूक नावाची गोष्टच नाही. मी तीस वर्षं दुकानांतली वजनमापं तपासली. चूकच नसेल तर माणसाने दिवसभर करायचं काय? दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मी यकृताच्या आकाराचं काहीतरी विणलं, बाईंनी ते कौतुकाने भिंतीवर लावलं, आणि मी कामातून गेलो.

तरी तुझ्या स्वेटरच्या मी गळ्यालाच हात घालणार होतो. पण सवयीने टाके मोजले. डाव्या खांद्यावर एक जास्त निघाला. (रागावू नकोस. एवढ्यावर मी दुकानदारालाही सोडलं असतं.) तो काढायला गेलो तर खांदाच उसवला. भोक बुजवायला हिरवी लोकर घेतली, ती संपल्यावर सुतळी, आणि उजेडासाठी खिडकीत बसलो असल्यामुळे पुढच्या ओळी पडद्यात गेल्या. ही म्हणाली, "अहो, पडदा कशाला जोडलात?" म्हटलं, आपोआप जोडला गेला. "आपोआप फक्त दूध उतू जातं," म्हणाली आणि माहेरी फोन लावायला गेली. तिसरी बाही तेव्हाच निघाली. तिला मी अडवलं नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या शिंप्याला बोलावलं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "साहेब, हे कोणाच्या मापाचं?" मी म्हटलं, माप आधी ठरवायचं नसतं. तो टेप गुंडाळत गुंडाळत मागे सरकत गेला. त्याने घरी जाऊन अंथरूण धरलं आहे असं ऐकतो.

बाकी सर्व ठीक. भावोजींना यातलं काही सांगू नकोस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या पडताळलेला माणूस, त्याला शेवटच्या दिवशी धक्का नको.

तुझा धाकटा

ता. क. गळा करायचा राहिला.

ता. क. दुसरा. पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहिलं : समारंभ आमच्या खिडकीपाशी ठेवता येईल का? माणसं साधारण किती?

शुक्रवार, सकाळ. पत्र पाठवायच्या आधीच भावोजी स्वेटर न्यायला आले. पडद्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आले. म्हणाले, "तुझ्या ताईने चार महिने घातलेत, घालणार तर हाच." आणि खालून आत शिरले. बाहीत आमचे हात भेटले. माझा निघाला. गळा नसल्याने डोकं तिसऱ्या बाहीतून काढलं. हिने पडद्याचा गज उतरवून त्यांच्या खांद्यावर ठेवला. साडेनऊला ते तसेच, दारातून थोडे तिरपे होऊन, बँकेत गेले. हे पत्र त्यांच्या खिशात घातलं आहे. खिसा पाठीवर आहे.