सहा महिन्यांचं कुलूप

सोमेश,

तुझा लहानपणीचा पाळणा ठेवायला तू ठरवलेली भाड्याची खोली मी काल बघून आले. महिन्याला बाराशे, अनामत आणि विमा वेगळा. वर सहा महिन्यांचं भाडं आधीच भरायचं. पैशाचं राहू दे, पण सहा महिने पाळणा कुलपात घालायला मन धजत नाही. मोहोळला तुझ्या मामाला नातू झालाय, त्याच्यासाठी टेम्पोतून नेते आहे. आपल्याला लागला की परत आणू.

श्रीदेवी तुमच्या दोघांच्या खोलीत झोपली आहे. दवाखान्यातून रिकाम्या हातानं आल्यापासून ती पाळण्याकडं बघत नाही, म्हणून आपण दोघंच ठरवत बसलो. तिला कुणी विचारलंच नाही. उठली की चहा दे आणि विचार. नको म्हणाली तर लगेच फोन कर, मी वाटेतूनच माघारी वळते.

आई