ओल्याचं कोरडं

रविवार, दुपार

बाबा, तुम्ही गेल्यापासून इतक्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, त्याची माफी मागते. आजही लिहिलं नसतं. पण दुपारी एक गणित करायला बसले, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला सांगावं ते कळेना.

आई आता चाकाच्या खुर्चीत असते. खुब्याचं हाड मोडलं, जुळलं, पण पायांवरचा तिचा भरवसा गेला तो गेलाच. दारासमोरच्या दोन पायऱ्या तिला उतरता येत नाहीत, म्हणून परवा रॅम्प करायला मिस्त्रीला बोलावलं. त्यानं पायऱ्यांवर बूट आपटून बघितला आणि म्हणाला, "दीदी, सीढ़ी पहले तोड़ना पड़ेगी।" आतून लगेच आईचा आवाज आला, "पायऱ्यांना हात नाही लावायचा! यांनी स्वतः उभं राहून काँक्रीटची ढलाई करवली आहे." मिस्त्री हसला. "तो अंदर ही रहने देते हैं माताजी, ऊपर से भर देंगे।" तरी आईचं एकच, "नकोच गं. फालतू खर्चा कशाला? मी आता कुठे जातेय?" मिस्त्री "बता देना, दीदी" म्हणून गेला आणि विषय तिथेच राहिला.

तुम्ही ओव्हरसीयर, आणि घरातही साईटवरच असायचात. स्टेशनला पोचायला अर्धा तास लागेल म्हटलं, तरी तुमचा प्रश्न ठरलेला: "ओल्याचं कोरडं केलंस का?" पाहुण्यांना ते कोडं वाटायचं. मला त्याचा अर्थ तुम्ही राऊ गावच्या एका साईटवर दाखवला होतात. तगारीभर गिट्टी समोर ठेवलीत आणि वरून रेती ओतायला लावलीत. मी ओततेय, ओततेय, आणि रेती गिट्टीच्या खड्यांमधल्या फटींत नाहीशी होतेय. तगारी भरलेली होती तेवढीच. मग सिमेंट, मग पाणी. कालवल्यावर सगळं आणखी खाली बसलं. "दिसतं तेवढं नसतं," तुम्ही म्हणालात. "आत हवा असते. एक घनफूट ओलं काँक्रीट हवं, तर कोरडं सामान दीडपट आणि वर थोडं. एक पूर्णांक चोपन्न शतांश. मग त्याचे सात भाग कर, एक सिमेंट, दोन रेती, चार गिट्टी. हे विसरलीस, तर ढलाई मध्येच थांबते." हातापायांना रेती लागलेली मी घरी आले, तेव्हा आई तुमच्यावर रागावली होती.

तुमच्या बाकीच्या प्रश्नांना आई आम्हा सगळ्यांदेखत हसायची. "यांना चहासुद्धा सरळ मागता येत नाही. 'पातेल्यात दूध किती आहे?' म्हणून विचारतात." तुम्हीही हसायचात. चहा मिळायचा.

अर्धांगानंतर तुमची खुर्ची पुढच्या खोलीत, दाराकडे तोंड करून असायची. शेजारचे दोघं तुम्हाला खुर्चीसकट खाली उतरवायला तयार होते. पहिल्यांदाच विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मला उचलायचं ते एकदाच उचला." आम्ही विचारणं सोडून दिलं.

त्याच दिवसांतली एक संध्याकाळ. मी कॉलेजचे पेपर तपासतेय. तुमची जीभ जड, एकेक शब्द शोधून आणावा लागतोय. "बेटा, एक गणित. बारा फूट लांब, चार फूट रुंद. एका टोकाला उंची दीड फूट, दुसऱ्या टोकाला काही नाही. काँक्रीट किती?"

"बहात्तरचं अर्धं. छत्तीस घनफूट."

"आत आधीच काही भरीव असेल तर?"

"तर ते वजा."

"ओल्याचं कोरडं?"

"दीडपट आणि वर थोडं. झालं ना, बाबा?"

तुम्ही बराच वेळ दाराकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "बरोबर आहे." मला वाटलं, स्वतःचं डोकं शाबूत आहे का, हे तुम्ही तपासून बघताय. मला बरंच वाटलं. स्वयंपाकघरात जाऊन आईला कौतुकानं सांगितलंसुद्धा, बाबांना सगळं आठवतंय.

आज आई झोपल्यावर मी टेप घेऊन बाहेर गेले. म्हटलं, करायचं नसलं तरी हिशेब काढून ठेवू. ओट्याची उंची दीड फूट. पायऱ्यांची रुंदी चार. ओट्यापासून फाटकाच्या अलीकडेपर्यंत बारा. कागदावर छत्तीस लिहिलं. पायऱ्या आतच राहणार, म्हणून त्यांचे सहा वजा करायला लागले, आणि पेन तिथेच थांबलं. आत आधीच काही भरीव.

तुम्ही पातेल्यात दूध किती आहे, ते विचारत होतात. मी दूध किती आहे ते सांगितलं, बाबा. चहा केला नाही.

त्या पायऱ्यांवरून तुम्ही पुन्हा खाली आलात ते एकदाच, उचलून. स्वतःला समजावून बघितलं की अशा आजारात माणूस काहीबाही विचारतो, मापंसुद्धा योगायोगानं जुळतात. पण तुमची मापं कधी योगायोगानं जुळत नसत. तुम्ही 'नको' म्हणालात ते मी जसंच्या तसं धरलं, आतली हवा मोजलीच नाही.

गणित पूर्ण केलं आहे. तीस ओलं, त्याचं कोरडं सेहेचाळीसच्या वर थोडं. सिमेंट सव्वापाच पोती, सहा धरते. रेती तेरा घनफूट, गिट्टी त्याच्या दुप्पट. तुम्ही एकदा नजर टाकली असती तर बरं वाटलं असतं.

हे पत्र जाणार कुठेच नाही, म्हणून एवढंही लिहून टाकते. काल जेवताना आईनं विचारलं, "राजवाड्याकडच्या बाजारात आता गर्दी किती असते गं?" मी म्हटलं, "खूप." आणि तिला पोळी वाढली.

उद्या: आईला न विचारता गिट्टी मागवायची.