पुनरुक्ती समजून कचरापेटीत टाकलेल्या श्रीरामनामांच्या सुटकेबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
ग्रामग्रंथ संगणकीकरण कक्ष,
भंडारा.

विषय : संगणकीय ग्रंथालयातून वगळलेली रामनामे मूळ जागी परत मिळणेबाबत.

संदर्भ : ‘मूळ प्रती घेऊन समक्ष यावे’ हे आपल्या कक्षाचे पत्र.

महोदय,

१. मी करडी येथील निवृत्त संस्कृत शिक्षक. गावच्या वाचनालयातील हस्तलिखिते संगणकात जतन होत असल्याचे कळल्यावर, येथील महिलांनी अनेक वर्षे लिहिलेल्या श्रीरामनामाच्या वह्याही स्कॅन करून घेण्यात आल्या. जतन झाले, या विश्वासाने अक्षय्य तृतीयेस त्या वह्या नव्या मंदिराच्या पायात विधिपूर्वक ठेवल्या व वर गिट्टी-सिमेंटचा थर टाकला. सबब मूळ प्रती समक्ष आणावयाच्या झाल्यास मंदिरासह आणाव्या लागतील.

२. दुसऱ्या दिवशी पाहता सर्व वह्यांच्या जागी ‘श्रीराम’ हा एकच शब्द आढळला. प्रणालीत ‘पुनरुक्ती-निवारण’ नावाची सोय असून, एकसारखा मजकूर दिसल्यास ती पहिला ठेवते व उरलेला कचरापेटीत टाकते, असा खुलासा वाचनालयाचे संगणकचालक श्री. भूपेंद्र यांनी केला. काव्यात पुनरुक्ती हा दोष होय, हे मी आयुष्यभर शिकवले. परंतु जपातून पुनरुक्ती काढली असता जपच उरत नाही, हे प्रणालीस कोणी शिकवलेले दिसत नाही.

३. सर्वाधिक वह्या लिहिणाऱ्या श्रीमती तुळसाबाई यांची समजूत घालताना श्री. भूपेंद्र यांनी, “आजी, सारं तेच ते तं हाय! एक ठेवला ना मशीननं,” असे उद्गार काढले. त्यावर तुळसाबाईंनी, “मंग तू भी पयला घास खाऊन उठत जाय ना बापू, बाकीचे तं तेच रायतेत!” असे उत्तर दिले. तेव्हापासून श्री. भूपेंद्र वाचनालयात मागील दाराने येतात.

४. शुद्ध भावाने एकदा घेतलेले नाम पुरेसे असते, असे वचन मला ठाऊक आहे; सध्या गावात मी ते उच्चारीत नाही. शिवाय उरलेले नाम त्या भावाचेही नाही. गावातीलच श्री. सोमाजी यांनी पेन चालते की नाही हे पाहण्यासाठी एका वहीच्या पुठ्ठ्यावर ‘श्रीराम’ लिहून खाली आपले नाव टाकले होते. स्कॅनमध्ये तो पुठ्ठा पहिला आला. परिणामी संपूर्ण गावाच्या जपाचे कर्ते म्हणून सूचीत श्री. सोमाजी यांची नोंद झाली आहे. “साऱ्या गावातून सरकारनं एकच राम पास केला, तो माहा!” असे ते पानठेल्यावर सांगत असतात. त्यांच्या पत्नी आनंदाबाई यांनी स्वतः पेटीभर वह्या लिहिलेल्या असल्यामुळे श्री. सोमाजी तूर्त जेवणास बहिणीकडे जातात.

५. सदर कचरापेटी महिन्याने आपोआप कायमची रिकामी होते, आणि पंधरवडा उलटला आहे. आतील मजकूर परत काढण्याचा अधिकार केवळ आपल्या कक्षास आहे. रामनाम कचरापेटीत पडल्याचे कळल्यापासून महिला दररोज सायंकाळी संगणकास उदबत्ती ओवाळतात. ‘कचरापेटी रिकामी करायची?’ या प्रश्नावर कोणाच्या हातून चुकून ‘होय’ दाबले जाऊ नये, यास्तव माउस काढून तुळसाबाईंच्या देवघरात ठेवला आहे. तेथे त्यास विनासोवळे स्पर्श करता येत नाही. त्यामुळे वाचनालयाचे इतर कामकाज स्थगित आहे.

६. तरी सर्व नामे मुदतीपूर्वी मूळ जागी परत ठेवावीत, कर्त्याची नोंद दुरुस्त करावी, आणि जपाच्या वह्यांना पुनरुक्ती-निवारणातून कायमची सूट द्यावी, ही विनंती.

७. हे न घडल्यास सर्व महिलांनी आपल्या कार्यालयात येऊन सगळी नामे नव्याने लिहिण्याचा निश्चय केला आहे. कागद त्या सोबत आणणार नाहीत. टेबलावर जो सापडेल तो चालेल, असे त्यांचे मत आहे. त्यांचे अक्षर वळणदार आहे, आणि धानाच्या रोवणीपर्यंत त्यांना कोणतीही घाई नाही.

आपल्या न्यायबुद्धीवर विसंबून असलेला,

मार्तंड केशव उपाध्ये
मु. करडी, ता. मोहाडी, जि. भंडारा
वैशाख वद्य द्वितीया, शके १९४७ (दि. १४ मे २०२५)

सोबत :
१) श्री. सोमाजी यांच्या पुठ्ठ्याची छायाप्रत.
२) महिलांच्या सह्यांचे निवेदन. (प्रत्येकीने सहीच्या जागी ‘श्रीराम’ लिहिले आहे. तथापि त्या सह्या निरनिराळ्या आहेत.)